एकाचं माप : पहिल्यांदा एकटं राहायला निघालात तर

पुण्यात एकटी राहायला लागले त्या पहिल्याच आठवड्यात मंडईतून कोथिंबिरीची एक जुडी आणली. बार्शीला आमच्या घरी अशी जुडी दीड दिवसात संपायची. आमटीवर, पोह्यांवर, आजीच्या कोशिंबिरीत. इथे पाचव्या दिवशी पिशवी उघडली तर तळाशी काळपट हिरवं पाणी आणि वास. टाकताना जीव हळहळला, पण खरी मेख नंतर हळूहळू कळत गेली. जुडी, कुकर, सिलिंडर, दुधाची पिशवी, दवाखान्यात सोबत येणारं माणूस, किल्ली विसरली तर आतून दार उघडणारं माणूस, हे सगळं आपण चार-पाच जणांच्या हिशेबाने शिकलेलो असतो. एकाचं माप कुणी शिकवलेलं नसतं.

मी दोन वर्षं तीन मुलींबरोबर कॉट बेसिसवर, म्हणजे एका खोलीत फक्त आपल्या खाटेचं भाडं भरून काढली आणि मग कर्वेनगरला वन आरके, म्हणजे एक खोली-स्वयंपाकघर घेतलं. म्हणून इथली उदाहरणं पुण्याची आणि नोकरी करणारीची आहेत. मुंबईत भाड्याचे आकडे वेगळे, नागपुरात उन्हाळा वेगळा. बाकी फार फरक पडत नाही.

खोली दोनदा बघा, एकदा रात्री

एजंट खोली दाखवायला सकाळी अकराला बोलावतो. ऊन असतं, गल्ली शांत असते, पाणी भरून झालेलं असतं. तिथे उभ्या उभ्या हो म्हणू नका. त्याच दिवशी रात्री साडेनऊनंतर बसस्टॉपपासून त्या इमारतीपर्यंत एकट्याने चालत जा. दिवे आहेत का, कुत्री किती, कोपऱ्यावर कोण उभं असतं, खालच्या मजल्यावर काय चालतं, हे त्या दहा मिनिटांत कळतं.

आत गेल्यावर भिंतींवर तळहात ठेवा. तीन भिंती जुन्या रंगाच्या आणि एकच ताज्या रंगाची असेल तर तिथे ओल आहे असं समजा. कपाट उघडून वास घ्या. बाथरूमला खिडकी किंवा निदान झरोका आहे का? फोन करून खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यातून बोलून बघा. जाड पंधरा-सोळा अँपिअरचे पॉइंट किती आणि कुठे, ते मोजा. इंडक्शन आणि गिझर दोन्ही वापरायचे असतील तर दोन हवेत.

पाण्याबद्दल ‘पाणी आहे ना?’ असं विचारू नका, उत्तर नेहमी ‘भरपूर’ असंच येतं. किती वाजता येतं, किती वेळ येतं, टँकर लागतो का आणि त्याचे पैसे कोण देतं, हे विचारा. पुण्यात देखभालीसाठी बरेचदा गुरुवारी पाणी बंद असतं. ‘गुरुवारी तुम्ही काय करता?’ हा प्रश्न मालकाला नाही, शेजारच्या बाईंना विचारा. खरं उत्तर तिथे मिळतं.

आता तुम्हालाही प्रश्न येतील. आडनाव काय, नॉनव्हेज खाता का, मित्रमंडळी येणार का, रात्री किती वाजता येता. मुलगी असाल तर आणखी चार. राग येतो आणि यायलाच हवा. मी सुरुवातीला मालकांना आवडतील अशी उत्तरं द्यायचे, मग अकरा महिने त्या उत्तरांप्रमाणे वागायची कसरत व्हायची. मैत्रीण राहायला आली तर जिन्यातून चपला हातात घेऊन वर यायची. त्यापेक्षा ‘माझी शिफ्ट दहाला सुटते, महिन्यातून एकदा आई येईल, कधी मैत्रीण मुक्कामाला येईल’ हे आधीच सांगून टाका. दोन खोल्या हातच्या जातील, तिसरी मिळेल ती राहण्यासारखी मिळेल.

पैसे हातातून सुटण्याआधी

ऑनलाइन जाहिरातीत झकास फ्लॅट, भाडं अर्धं आणि मालक म्हणतो ‘मी आर्मीत आहे, बदली झाली, टोकन पाठवा म्हणजे खोली राखून ठेवतो’. ही फसवणूक आता जुनी झाली, तरी रोज कुणीतरी सापडतं. पुढची पायरी असते क्यूआर कोडची: ‘स्कॅन करा, पैसे तुम्हालाच परत येतील.’ पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. एकदा गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. तिथे मिनिटांना किंमत असते.

म्हणून नियम असा: खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि मालक समोर भेटल्याशिवाय एक रुपयाही नाही. मालक भेटला की सहज म्हणून लाइटबिल मागा. त्यावरचं नाव आणि समोरच्या माणसाचं नाव जुळतं का बघा. जुळत नसेल तर नातं काय ते विचारा. खरा मालक याने दुखावत नाही.

करार म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, बोलीत भाडेकरार. बहुधा अकरा महिन्यांचा असतो. ‘अकराच महिने आहेत, नोंदणी कशाला, नोटरी करू’ असं पुष्कळ जण म्हणतात. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची असते. नोंदणी ऑनलाइन होते. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, आधारवर ठसा घेतो, फोटो काढतो, काम संपलं. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये, मुद्रांक शुल्क त्याशिवाय, आणि एजंटची मजुरी वेगळी. हा खर्च कोणी किती करायचा ते आधी ठरवा, बरेचदा अर्धा-अर्धा होतो. याचा पुढे फायदा तुम्हालाच: बँक, आधारवरचा पत्ता, गॅस कनेक्शन, सगळीकडे हाच कागद चालतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची असते, तेही मालकाचंच काम. तुम्ही फक्त फोटो आणि आधारची प्रत द्यायची.

करार वाचताना मी चारच जागी थांबते. नोटीस किती दिवसांची, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का. लॉक-इन आहे का, म्हणजे ठरावीक महिन्यांआधी सोडलं तर किती कापणार. सोसायटीचा मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा. आणि खोली सोडताना रंगाचे पैसे कापणार का. या चौथ्या ओळीने माझे चार हजार गेले आहेत. एका मालकांनी माझ्या पहिल्या खोलीच्या डिपॉझिटमधून ‘रंगकामापोटी’ म्हणून कापले. भिंतीवर मी खिळासुद्धा मारला नव्हता, पण करारात ‘आवश्यकतेनुसार’ असा एक शब्द होता आणि आवश्यकता ठरवणारे तेच होते. आता मी तो शब्द खोडून आकडा लिहून घेते.

डिपॉझिट रोख देऊ नका, खात्यातूनच द्या. आणि एकूण किती पैसे एकदम लागतील ते आधी मांडा. समजा भाडं आठ हजार. तीन महिन्यांचं डिपॉझिट चोवीस, पहिल्या महिन्याचं भाडं आठ, एजंटला महिन्याचं भाडं म्हणजे आणखी आठ. चाळीस इथेच झाले. त्यावर गादी, बादली, शेगडी, भांडी. पन्नास-पंचावन्न हजार हाताशी नसताना ‘आठ हजारांची खोली’ परवडते असं म्हणणं धाडसाचं आहे.

किल्ली मिळाली त्या दिवशी

सामान आत टाकण्याआधी रिकाम्या खोलीचा व्हिडिओ काढा. भिंती, नळ, कमोडची टाकी, खिडकीची फुटकी काच, सगळं. विजेच्या मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा. हे सगळं मालकांना त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, सोबत एक साधी ओळ: ‘काका, आज ताबा घेतला, खोलीची स्थिती अशी आहे.’ भांडण नाही, काही नाही. अकरा महिन्यांनी ही ओळ उपयोगी पडते.

मग कुलूप. मालकाची परवानगी घेऊन बाहेरचं कुलूप बदला, आधीच्या भाडेकरूकडे किल्ली असतेच. दाराला लॅच असेल तर दुसरी किल्ली खोलीत ठेवण्यात काही अर्थ नाही, ती बाहेर कुणाकडे तरी हवी. मी एका रविवारी कचरा ठेवायला दोन पावलं बाहेर आले, वाऱ्याने दार लागलं. आत कुकर चढवलेला. अंगावर गाऊन, पायात चप्पल नाही, फोन आत. चावीवाला येईपर्यंत कुकरच्या सात शिट्या मी जिन्यात बसून मोजल्या. शेजारच्या काकूंची ओळख त्या दिवशी झाली आणि तेव्हापासून माझी एक किल्ली त्यांच्या देव्हाऱ्याच्या खणात असते.

काकूंसारखं कुणी आपोआप मिळत नाही. राहायला आलात त्याच संध्याकाळी वर-खाली-शेजारी तीन दारं वाजवा आणि नाव सांगा. गावाकडचं काही असेल तर वाटीभर द्या. एवढंच पुरतं, लगेच मैत्री करायची गरज नाही.

गॅस, वीज आणि गरम पाणी

घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा. एकट्या माणसाला तो महिनोन् महिने पुरतो आणि त्याचं कनेक्शन घ्यायला पत्त्याचा पुरावा लागतो. त्याआधी किंवा त्याऐवजी पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या. ओळखपत्र दाखवलं की मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. उचलून जिना चढताही येतो. किलोमागे महाग पडतो, पण दोनदा चहा आणि एकदा कुकर एवढंच असेल तर झेपतं. दुकानात मोठ्यातून छोट्यात गॅस भरून देणारे भेटतील, तिकडे फिरकू नका. तो प्रकार बेकायदा आहे आणि धोक्याचा.

शेगडी जोडली की जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून बघायची नाही. रबरी नळीवर तारीख छापलेली असते, ती बघा. रात्री आणि बाहेर पडताना रेग्युलेटर बंद. वास आला तर खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, बाहेर या आणि १९०६ ला फोन लावा.

विजेचा हिशेब सोपा आहे: हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट. दोन हजार वॅटचा गिझर पंधरा मिनिटं म्हणजे अर्धं युनिट. पंखा रात्रभर चालला तरी फार नाही, बिल खातात ते पाणी तापवणारे आणि इस्त्री. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिटं स्वस्त, त्यापुढे दर एकदम चढतो. एकटा माणूस शंभरच्या आत सहज राहू शकतो. पण मालकाने एकाच मीटरवर चार खोल्या चालवल्या असतील तर सगळ्यांचं मिळून युनिट महागड्या टप्प्यात जातं आणि ते तुमच्याकडून वसूल होतं. म्हणून स्वतंत्र मीटर आहे की सबमीटर, आणि सबमीटर असेल तर युनिटला किती रुपये, हे भाडं ठरवतानाच विचारायचं.

रॉड वापरणार असाल तर प्लॅस्टिकच्या बादलीत, लोखंडी किंवा स्टीलच्या कधीच नाही. आधी रॉड पाण्यात, मग बटण. पाणी तापलं की बटण बंद, पिन काढली, मगच पाण्याला हात. सकाळी झोपेत हा क्रम उलटतो, म्हणून मी तो बाथरूमच्या दारावर खडूने लिहून ठेवला होता.

गॅस गिझर बंद बाथरूममध्ये बसवलेला असेल तर तो वापरूच नका. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. अंघोळ करता करता माणूस खाली बसतं आणि उठत नाही. मालकाला सांगून तो बाहेरच्या मोकळ्या बाजूला बसवून घ्या. ऐकत नसतील तर ती खोली सोडून द्या. या एका बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही.

स्वयंपाक: पाव किलोची भाजी, तीन लिटरचा कुकर

पहिले पंधरा दिवस मेस किंवा डबा लावा. स्वयंपाक येत असला तरी. नवी नोकरी, नवी खोली, नवे रस्ते आणि वर संध्याकाळी भाजी काय हा प्रश्न, एवढं एकदम नको. त्या पंधरा दिवसांत एकेक भांडं जमवा. तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत एका फेरीत सगळं मिळतं, पण एका फेरीत सगळं घेऊ नका. आई यादी करून देईल, त्यातलं अर्धं घ्या.

खरं लागतं ते एवढं: तीन लिटरचा कुकर आणि त्यात बसणारे दोन डबे, एक लोखंडी तवा, एक छोटी कढई, चहाचं पातेलं, दुधाचं पातेलं, सांडशी, सुरी, पोळपाट-लाटणं, दोन ताटं, दोन वाट्या, दोन पेले. दोन का? एक घासायला पडलेलं असतं तेव्हा दुसरं हाताशी हवं म्हणून, आणि कुणी आलंच तर. इंडक्शन असेल तर खरेदीला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा, तळाला चिकटला तरच ते भांडं चालेल.

कुकर. आपल्याकडे पाच लिटरच्या कुकरमध्ये मूठभर डाळ शिजवायची सवय असते, त्यात पाणी आटतं आणि डाळ करपते. तीन लिटरच्या कुकरच्या तळाशी दोन पेले पाणी घाला. खालच्या डब्यात पाव वाटी धुतलेली तूरडाळ, पाऊण वाटी पाणी, चिमूट हळद, दोन थेंब तेल. वरच्या डब्यात अर्धी वाटी तांदूळ आणि एक वाटी पाणी. झाकण लावायच्या आधी शिटीच्या नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. डाळीचा कण अडकला असेल तर सुईने काढा. रिंग नीट बसवा. चार शिट्या, गॅस बंद, आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिटी उचलून वाफ काढायची घाई करू नका. डब्यांशिवाय थेट कुकरमध्ये डाळ शिजवणार असाल तर अर्ध्याच्या वर भरायचा नाही.

ही एका जेवणाची वरण-भाताची मापं. रात्रीही हवं असेल तर दीडपट करा, दुप्पट नको, रात्री भूक कमी असते. उरलेल्या भाताला सकाळी फोडणी.

पोळ्यांचं माप: एक वाटी कणकेच्या साधारण चार होतात. पहिल्या महिन्यात माझ्या पोळ्या कुठल्यातरी तालुक्याच्या नकाशासारख्या व्हायच्या आणि थंड झाल्या की पापड. कणीक सैल भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा, यातच निम्मं काम होतं. आणि पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणून घरी नुसती भाजी केली तरी त्याला स्वयंपाकच म्हणतात, कुणी काही म्हणो.

भाजी पाव किलोच्या वर घेऊ नका. पाव किलो भेंडी एकाला दोन वेळा होते. मंडईत अर्धी जुडी मागितली की काही जणी देतात, काही जणी बघतात. बघू दे. फ्रिज नसेल तर आठवड्याचा क्रम असा लावा: आणली त्या दिवशी पालेभाजी, दुसऱ्या दिवशी भेंडी किंवा गवार, तिसऱ्या दिवशी कोबी, चौथ्या दिवशी बटाटा. पाचव्या दिवशी भिजवलेली मटकी: अर्धी वाटी मटकी रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड. त्या काळ्या पाण्याच्या कोथिंबिरीचं उत्तरही मिळालं. मुळं कापायची, धुवायची नाही, कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात. फ्रिजमध्ये आठवडाभर राहते. फ्रिज नसेल तर पेल्यात पाणी घालून फुलासारखी उभी ठेवा, दोन-तीन दिवस तग धरते.

किराणा पहिल्या महिन्याचा असा भरा: तांदूळ दोन किलो, कणीक तीन किलो, तूरडाळ एक, मूगडाळ अर्धा, पोहे एक किलो, रवा, बेसन आणि शेंगदाणे अर्धा-अर्धा, तेल एक लिटर, साखर, मीठ, चहा, मोहरी-जिरं-हिंग-हळद सगळ्यात छोट्या पुड्यांत. महिना संपला की डब्यांत काय उरलं ते बघा, पुढची यादी तीच. माझा रवा चार महिने उरला आणि त्याला टोके झाले. मला शिरा आवडतच नाही हे मला तोवर माहीत नव्हतं, घरी होता म्हणून खात होते.

दोन पदार्थ मात्र पाठ हवेत, कंटाळा आलेल्या रात्रीसाठी. एक मुगाची खिचडी: अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, तीन वाट्या पाणी, फोडणी थेट कुकरमध्ये, तीन शिट्या. दुसरं पिठलं: तीन मोठे चमचे बेसन दीड वाटी पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं, फोडणीत मोहरी, जिरं, लसूण, मिरची, कांदा, हळद, मग ते पाणी ओतून ढवळत राहायचं, झाकण ठेवून पाच मिनिटं. दहा मिनिटांत ताट तयार. ऑनलाइन मागवलेलं जेवण एवढ्या वेळात दारात येत नाही.

आणि घरून येणाऱ्या पिशवीची लाज बाळगू नका. आमच्या सोलापूरकडची कडक भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, शेंगाची चटणी महिनाभर. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्यांचं पीठ असेल तर पाण्यात कालवून उकळलं की आमटी. तुमच्या गावचं असं जे काही टिकाऊ असेल, त्याचा एक डबा कायम भरलेला ठेवा.

पगार, धुणं, केर

पगार झाला त्याच दिवशी भाडं, वीज आणि घरी पाठवायचे पैसे बाजूला काढा. उरलेल्याचे चार भाग करून दर सोमवारी एक भाग खर्चाच्या खात्यात टाका. महिन्याचा हिशेब कुणाला जमत नाही, आठवड्याचा जमतो. एका महिन्याचं भाडं आणि गावाकडचं तिकीट एवढी रक्कम मोडायची नाही.

कपडे रोजचे रोज, अंघोळीबरोबर. रविवारवर ढकलले की बादली भरते आणि दोरी अपुरी पडते. पावसाळ्यात जीन्स धुवायची तर शुक्रवारी, पंख्याखाली दोन दिवस मिळतात. बाथरूम घासताना अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र ओतू नका, विषारी वायू होतो. ओला-सुका कचरा वेगळा ठेवा. पुण्यात बऱ्याच भागांत ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई दारावरून नेतात, त्यांच्या यायच्या वेळा विचारून ठेवा. दोन दिवस चुकलं की खोलीत चिलटं.

ताप आला तर

पहिल्या जुलैत मला ताप भरला. रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले तर तांब्या रिकामा, आणि माठ आठ पावलांवर. ती आठ पावलं मी भिंत धरून चालले. तेव्हा लक्षात आलं की दाराला मी लॅच तर लावलाच आहे, वर आतली कडीही. काकूंकडे किल्ली असून काही उपयोग नव्हता.

तेव्हापासूनचा क्रम: अंग कोमट वाटू लागलं की पाय चालतात तोवरच पाण्याच्या दोन बाटल्या, बिस्किटं, थर्मामीटर आणि फोनचा चार्जर उशाशी. दोन जणांना मेसेज, एक याच शहरातला. आतली कडी काढून फक्त लॅच, आणि ज्यांच्याकडे किल्ली आहे त्यांना सांगून ठेवणं: ‘सकाळी नऊपर्यंत माझा फोन आला नाही तर या.’

घरात पॅरासिटामॉल असू द्या. पाकिटावरच्या मात्रेने, दोन गोळ्यांमध्ये निदान चार ते सहा तास. पावसाळ्यातल्या तापात डेंग्यूची शंका असते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नको. दोन दिवसांत उतरला नाही तर रक्ततपासणी. जुलाब लागले तर ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, घोट घोट. रुग्णवाहिकेसाठी १०८, बाकी कुठल्याही आणीबाणीला ११२.

जवळचा साधा दवाखाना बरं असतानाच बघून ठेवा, त्याची वेळ आणि सुट्टीचा वारसुद्धा. आणि आईला खोटं सांगू नका. ‘काही नाही गं, जरा सर्दी’ म्हणून मी तीन दिवस काढले, चौथ्या दिवशी ती एसटीने येऊन दारात उभी होती आणि भांडण तापापेक्षा मोठं झालं.

रविवारचे चार ते सात

याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून दोन ओळी. आठवडाभर एकटेपणा जाणवत नाही. जाणवतो तो रविवारी दुपारची झोप झाल्यावर, उन्हं उतरताना. कुणाच्या तरी घरातून चहाच्या कपांचा आवाज येतो. त्या तीन तासांत खोलीत बसायचं नाही एवढंच मी ठरवलं. भाजी आणायची तेव्हाच, केस कापायचे तेव्हाच, टेकडीवर जायचं तेव्हाच. काही रविवारी तरीही रडू येतं. येऊ द्या, आणि मग कुकर लावा.

गावी जाताना

दिवाळीला आठ दिवस खोली बंद राहणार असेल तर आदल्या रात्री फ्रिज रिकामा करा, दूध-दही-चिरलेलं सगळं. रेग्युलेटर बंद, गिझरचं बटण बंद, खिडक्यांना कड्या. सगळे नळ बंद आहेत याची खात्री करा, पाणी गेलेलं असताना नळ उघडा राहिला असेल तर ते परत आल्यावर खालच्या मजल्यावर पोचतं. कचरा सकाळी निघताना. मालकांना तारखा कळवा.

विरजण मात्र टाकू नका. वाटीत चमचाभर दही काढून शेजारी नेऊन द्या. काकू माझी वाटी त्यांच्या दह्यात मिसळतात, आणि मी परत आले की त्यातलंच वाटीभर देतात. गेल्या दिवाळीत काकूच जळगावला लेकीकडे निघाल्या होत्या. निघायच्या आदल्या रात्री नऊ वाजता माझ्या दारात उभ्या, हातात झाकलेली वाटी. ‘हे घे गं,’ म्हणाल्या, ‘आणि किल्ली पण. झाडांना एक दिवसाआड पाणी घाल.’